टॅब नीट चार्ज होत नाही? दुकानात जाण्याआधी स्वतः करायची तपासणी

नीट, जेईई किंवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली अशा जिल्ह्यांतून नागपुरात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सामानात आता पुस्तकांच्या बरोबरीने टॅबही असतो. कोणी तो स्वतः घेतलेला असतो, तर कोणाला महाज्योतीसारख्या संस्थेच्या प्रशिक्षण योजनेतून मिळालेला असतो. अशाच विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासिकेची व्यवस्था मी पाहतो आणि विजेचे सगळे बोर्ड माझ्या ताब्यात असल्यामुळे चार्जिंगच्या तक्रारीही आपसूक माझ्याकडेच येतात. या तक्रारी हाताळताना एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे ‘बॅटरी गेली’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. दोष अनेकदा बाहेरच असतो: सैल सॉकेटमध्ये, कमी ताकदीच्या अडॅप्टरमध्ये, केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये साचलेल्या कचऱ्यात. म्हणून तपासणी बाहेरून आत करत जावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल आणि अडॅप्टर दोन्ही एकदम बदलले आणि टॅब चार्ज होऊ लागला, तर नेमके बिघडले काय होते हे शेवटपर्यंत कळत नाही.

१. सर्वांत आधी टॅब फुगला आहे का ते पाहा

टॅब सपाट टेबलावर पालथा व उताणा ठेवून पाहा. तो मधोमध टेकून डुगडुगत असेल, स्क्रीनची कड एका बाजूने उचलली गेली असेल किंवा मागचे झाकण फुगीर लागत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे असे समजा आणि पुढची कोणतीही पायरी करू नका. चार्जर काढा, टॅब बंद करा, तो गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर न ठेवता फरशीवर ठेवा आणि दुरुस्ती केंद्रात न्या. फुगलेला भाग दाबून बसवणे, त्याला टाचणी टोचणे किंवा ‘एवढी परीक्षा होऊ दे’ म्हणून तसेच चार्जिंग चालू ठेवणे यांतून आग लागू शकते. या एका बाबतीत मी कोणाचीही विनंती ऐकत नाही.

२. तक्रार नेमक्या शब्दांत मांडा

‘चार्ज होत नाही’ या तीन शब्दांत निदान चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीचा रोख वेगळ्या ठिकाणी असतो.

चार्जर लावूनही कोणतेच चिन्ह येत नसेल, तर सॉकेट, अडॅप्टर, केबल, पोर्ट किंवा पूर्ण उतरलेली बॅटरी यांपैकी काहीही कारण असू शकते. चिन्ह येते पण टक्के वाढत नाहीत किंवा उलट कमी होतात, असे असेल तर अडॅप्टरची ताकद आणि खोलीतील उष्णता आधी तपासा. केबल हलवली की चार्जिंग लागते आणि पुन्हा तुटते, तेव्हा संशय केबलच्या मानेवर किंवा पोर्टवर घ्यावा. आणि चार्जिंग रोज बरोबर ८० किंवा ८५ टक्क्यांवर येऊन थांबत असेल, तर तो बिघाडच नाही. बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी अनेक कंपन्या अशी मर्यादा देतात आणि ती सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर जाऊन काढता येते.

३. हाताशी ठेवायच्या वस्तू

- चांगला चालतो याची खात्री असलेला दुसरा अडॅप्टर आणि दुसरी केबल, मित्राकडून तासाभरासाठी आणलेली चालेल
- बारीक झोताची टॉर्च, मोबाईलचीही पुरते
- लाकडी टूथपिक आणि कोरडा, मऊ केसांचा ब्रश
- जमल्यास यूएसबी मीटर. अडॅप्टर आणि केबल यांच्यामध्ये लावायचे हे छोटे यंत्र व्होल्ट आणि अँपिअर दाखवते
- वही, ज्यात वेळ आणि टक्के लिहायचे

वहीला कमी लेखू नका. ‘सकाळी ७ वाजता २२ टक्के, ८ वाजता २५ टक्के, टॅब बंद ठेवलेला’ अशा दोन ओळी दुकानदाराला दाखवल्या, की बोलणे पटकन मुद्द्यावर येते.

४. बोर्ड आणि सॉकेट

भाड्याच्या खोलीतला किंवा अभ्यासिकेतला पिनबोर्ड अनेकांच्या हाताखालून गेलेला असतो. आतल्या पितळी पट्ट्या ढिल्या झाल्या, की अडॅप्टर स्वतःच्या वजनानेच खाली झुकतो आणि संपर्क मधूनमधून तुटतो. अडॅप्टरच्या पिनांवर काळपट डाग दिसले, सॉकेटजवळ चरचर ऐकू आली किंवा जळका वास आला, तर तो सॉकेट वापरणे थांबवा आणि घरमालकाला सांगून बदलून घ्या. एकाच एक्स्टेंशनवर कूलर, इंडक्शन शेगडी आणि अडॅप्टर असे सगळे एकत्र लावू नये. तपासणीपुरता तरी टॅबचा अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा आणि त्याच सॉकेटवर दुसऱ्या कोणाचा फोन नीट चार्ज होतो का ते पाहा.

लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवरून टॅब चार्ज करण्याची सवय अनेकांना असते. जुन्या प्रकारच्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार ५ व्होल्टला ०.५ अँपिअर, म्हणजे केवळ २.५ वॅट मिळतात. तेवढ्यावर चालू टॅबचे टक्के जागचे हलत नाहीत, आणि यात टॅबचा काही दोष नसतो.

५. अडॅप्टर: येथेच सर्वाधिक घोळ होतो

अडॅप्टरच्या अंगावर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ असे लिहिलेले असते. त्यापुढचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. ५ व्होल्ट आणि १ अँपिअर म्हणजे ५ वॅट, ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॅट, ९ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १८ वॅट.

आता हिशेब पाहा. दहा इंची टॅबमध्ये ७,००० ते ८,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सर्रास असते. ८,००० च्या बॅटरीत साधारण ३१ वॅट-तास ऊर्जा मावते. जुन्या फोनचा ५ वॅटचा अडॅप्टर लावला, तर वाटेतली गळती धरून, टॅब बंद असतानासुद्धा ती भरायला सात तासांच्या वर वेळ लागतो. आणि वाय-फायवर व्याख्यान चालू, प्रकाश पूर्ण वाढवलेला, अशा अवस्थेत टॅब स्वतःच चार-पाच वॅट खातो. म्हणजे अडॅप्टरमधून जेवढे आले तेवढेच खर्च झाले. विद्यार्थी सांगतो की रात्रभर चार्जिंगला लावले होते, पण त्यातले चार तास व्हिडिओ चालू होता हे सांगायचे राहून जाते. १५ वॅटचा अडॅप्टर लावला तर हीच बॅटरी तीनेक तासांत भरते, मात्र शेवटचे वीस टक्के मुद्दाम सावकाश भरले जातात, त्यामुळे ८० टक्क्यांनंतरचा संथपणा मनावर घेऊ नका.

जलद चार्जिंगच्या पद्धती कंपनीगणिक वेगळ्या असतात. एका कंपनीचा ‘६५ वॅट’ लिहिलेला अडॅप्टर दुसऱ्या कंपनीच्या टॅबला लावला, तर अनेकदा दोघांचे संकेत जुळत नाहीत आणि अडॅप्टर साध्या ५ व्होल्टवर उतरतो. म्हणून केवळ मोठा आकडा पाहून अडॅप्टर घेऊ नका. टॅबच्या माहितीपत्रकात कोणती पद्धत आणि किती वॅट लिहिले आहेत ते आधी वाचा.

दुसरा एक सापळा स्वस्त टॅबच्या बाबतीत हमखास आढळतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये समोर उपकरण असल्याचा संकेत मिळेपर्यंत अडॅप्टर वीज सोडतच नाही. काही स्वस्त टॅबच्या पोर्टमध्ये हा संकेत देणारे छोटे रोधक (रेझिस्टर) बसवलेले नसतात. असा टॅब टाइप-सी ते टाइप-सी केबलवर अगदी निपचित पडून राहतो, पण एका टोकाला जुना चपटा, आयताकृती यूएसबी-ए असलेल्या केबलवर लगेच चार्ज होऊ लागतो. तुमचा टॅब ‘नव्या चार्जरवर चालत नाही, जुन्यावर चालतो’ असा वागत असेल, तर हे कारण आधी पडताळा आणि विनाकारण दुरुस्तीला पैसे देऊ नका.

चार्जिंग लावताच स्क्रीन वेड्यासारखी वागू लागली, बोट न लावता अक्षरे टाइप होऊ लागली, तर दोष बहुधा अडॅप्टरच्या अशुद्ध वीजपुरवठ्यात असतो. दुसऱ्या अडॅप्टरवर हे थांबले तर पहिला अडॅप्टर बाजूला काढा. नवा घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक पाहा. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये हा क्रमांक टाकला, की नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणत्या उत्पादनासाठी आहे ते दिसते. बर्डीच्या, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डी बाजाराच्या पदपथावर मिळणाऱ्या, मोठ्या कंपनीचे नाव छापलेल्या अडॅप्टरची परीक्षा दुकानासमोर उभे राहूनच अशी घेता येते.

६. केबल

केबल बहुतेक वेळा मानेपाशी, म्हणजे जोडणीच्या टोकाजवळ आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. टॅब चार्जिंगला लावून ती मान हलकेच दोन्ही बाजूंना वाकवा; चिन्ह लपंडाव खेळू लागले तर हीच कृती दुसऱ्या केबलने करून पाहा. दुसऱ्या केबलने चार्जिंग स्थिर राहिले, तर प्रश्न संपला. स्वस्त आणि दोन-तीन मीटर लांब केबलमध्ये तारा बारीक असतात, त्यामुळे वाटेत व्होल्ट घसरतात आणि टॅब कमी प्रवाह घेतो. पलंगावर पडून वाचण्यासाठी लांब केबल सोयीची असली, तरी रात्रीच्या चार्जिंगसाठी एक मीटरची बरी.

७. पोर्ट

टॅब पूर्ण बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात पोर्टमध्ये पाहा. दप्तरात वर्षभर फिरलेल्या टॅबच्या पोर्टच्या तळाशी करड्या रंगाची, नमद्यासारखी दाबून बसलेली चकती दिसते. कापडाचे तंतू, धूळ आणि कागदाचा भुगा प्रत्येक वेळी केबलने आत ठोसल्यामुळे ती तयार झालेली असते. बाहेरची खूण अशी, की केबल लावताना ‘टक्’ असा आवाज येत नाही, तिचा धातूचा भाग किंचित बाहेर राहतो आणि टॅब उचलताच ती गळून पडते.

टूथपिकचे टोक ब्लेडने थोडे चपटे करा. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते. तिला धक्का न लावता, भिंतीच्या कडेने टोक आत नेऊन कचरा हळूहळू बाहेर ओढा. शेवटी ब्रश फिरवा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन किंवा सिमकार्डची पिन वापरू नका, कारण धातूच्या टोकाने आतल्या पट्ट्या वाकतात किंवा एकमेकींना चिकटतात. तोंडाने फुंकरही मारू नका, तिच्यातून ओलावा आत जातो. पट्ट्यांवर हिरवट किंवा काळे डाग दिसले तर ते गंजाचे असतात आणि ते काम दुकानातल्या माणसाचे आहे.

पोर्ट स्वच्छ असूनही त्यात केबल डुगडुगत असेल, तर पोर्ट झिजला आहे किंवा त्याचे सोल्डरिंगचे टाके सुटले आहेत. दुकानात यालाच ‘चार्जिंग जॅक’ म्हणतात. अनेक टॅबमध्ये जॅक एका लहान वेगळ्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी बदलणे हे मुख्य बोर्डाच्या दुरुस्तीपेक्षा बरेच सोपे काम असते, म्हणून दुकानदाराला ‘जॅक सब-बोर्डवर आहे की मेन बोर्डवर’ एवढे अवश्य विचारा. जॅक ढिला होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे टॅब स्टँडवर उभा ठेवून खालून केबल लावणे. सगळे वजन त्या वाकलेल्या केबलवर येते. टॅब आडवा ठेवून पोर्ट बाजूला येईल असे पाहा.

८. नागपूरचा उन्हाळा आणि कूलरची हवा

लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच चार्ज करायची असते. त्यापुढे टॅब स्वतःच प्रवाह कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. आयपॅड वापरण्यासाठी तर ॲपलने भोवतालच्या हवेचीच मर्यादा ३५ अंश सांगितली आहे. मे महिन्यात, विशेषतः नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी हवाच चाळिशीच्या आसपास असते. त्यात टॅब गादीवर, जाड कव्हरमध्ये आणि व्हिडिओ चालू. अशा वेळी टक्के वाढत नसतील तर तो टॅबने स्वतःचा केलेला बचाव आहे. कव्हर काढा, टॅब फरशीवर ठेवा, स्क्रीन बंद करा आणि शक्यतो पहाटे किंवा सकाळी चार्ज करा. पटकन थंड व्हावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवणे मात्र घातक आहे, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते.

कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवलेल्या टॅबची अडचण उलटी असते. ओलसर हवा आणि अधूनमधून उडणारे थेंब पोर्टमध्ये गेले, की काही टॅब पाण्याच्या थेंबाचे चिन्ह दाखवून चार्जिंग अडवतात. पावसाळ्यात भिजलेल्या दप्तरामुळेही असेच होते. केबल काढून टॅब पोर्ट खाली करून पंख्याखाली काही तास ठेवा. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, तांदळाचा पीठूळ चुरा पोर्टमध्येच जातो. हेअर ड्रायरही नको.

९. पूर्ण उतरलेली बॅटरी आणि सॉफ्टवेअर

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना खोलीत विसरलेला टॅब परत आल्यावर मृत भासतो. खोलवर उतरलेली बॅटरी सुरुवातीला अगदी थेंबथेंब भरली जाते आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. खात्रीच्या अडॅप्टरवर अर्धा ते एक तास तसाच राहू द्या, मग जबरदस्तीने रीस्टार्ट करा. बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दहा ते वीस सेकंद दाबून धरावे लागते. होम बटण नसलेल्या आयपॅडमध्ये आवाजाचे वरच्या बटणाजवळचे बटण दाबून सोडा, मग आवाजाचे दुसरे बटण दाबून सोडा आणि नंतर ॲपलचे चिन्ह दिसेपर्यंत वरचे बटण दाबून धरा.

यानंतर एक सोपी पण फार उपयोगी चाचणी करा. टॅब बंद करून अर्धा तास चार्ज करा आणि वाढलेले टक्के वहीत लिहा. मग तोच टॅब चालू ठेवून, काहीही न उघडता, पुन्हा अर्धा तास. बंद असताना नीट वाढ आणि चालू असताना जवळपास शून्य, तर एखादे अ‍ॅप मागे बसून वीज खात आहे किंवा अडॅप्टर अपुरा आहे. दोन्ही वेळा वाढ नसेल, तर बिघाड हार्डवेअरमध्ये आहे. फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय. त्याआधी नोट्सची प्रत काढा आणि गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो याची खात्री करा, कारण रीसेटनंतर टॅब तोच मागतो. संस्थेकडून मिळालेल्या टॅबमध्ये नियंत्रणाचे सॉफ्टवेअर असू शकते. तो संस्थेला विचारल्याशिवाय रीसेट करू नका आणि बाहेर उघडायलाही देऊ नका.

१०. बॅटरीच थकली असेल तर

टक्के तिसावरून एकदम पाचावर उतरणे, वीस टक्के दिसत असताना टॅब बंद पडणे, चार्जर काढताच मान टाकणे ही थकलेल्या बॅटरीची लक्षणे आहेत. दोन-तीन वर्षे रोज वापरलेल्या टॅबमध्ये हे अपेक्षितच आहे. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ती दुरुस्ती केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्या.

११. दुरुस्तीला देताना

वॉरंटी शिल्लक असेल तर थेट कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जा. बाहेर एकदा टॅब उघडला, की वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. वॉरंटी संपली असेल, तर बर्डीच्या ‘मोदी नंबर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत मोबाईल-टॅबची दुकाने एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे दोन ठिकाणी विचारणे अवघड नाही. सोबत हे घ्या:

- खरेदीचे बिल आणि वॉरंटी कार्ड; ऑनलाइन घेतला असल्यास बिलाची छापील प्रत
- खोका किंवा त्यावरील सिरियल क्रमांकाचा फोटो. सिमचा टॅब असल्यास आयएमईआय क्रमांकही
- तुमचा स्वतःचा अडॅप्टर आणि केबल
- टॅबचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, म्हणजे नवा ओरखडा कोणता यावर वाद होत नाही
- वहीतल्या नोंदी

आधी निदान, मग किंमत, मग काम असा क्रम धरा. ‘बॅटरी टाकून पाहू’ असे कोणी म्हणाले, तर मीटरवर टॅब किती अँपिअर घेतो ते दाखवायला सांगा. बहुतेक टॅबची स्क्रीन गोंदाने चिकटवलेली असते आणि उघडताना ती तडकू शकते. तसे झाल्यास खर्च कोणाचा, हे आधीच कागदावर लिहून घ्या. नव्या भागाची हमी किती दिवसांची आहे हे बिलावर लिहून मागा आणि जुनी बॅटरी फुगलेली नसेल तर काढलेला भाग परत मागा. स्क्रीन लॉकचा पिन शक्यतो देऊ नका. चार्जिंगच्या कामाला त्याची गरज क्वचितच पडते. टॅब परत घेताना काउंटरवरच स्वतःच्या अडॅप्टरवर दहा मिनिटे लावून पाहा, केबल दोन्ही बाजूंनी उलटसुलट घालून पाहा आणि टच, स्पीकर, कॅमेरा तपासूनच पैसे द्या.

वॉरंटीत असूनही केंद्र कारण न देता नकार देत असेल, तर तो नकार लेखी किंवा ई-मेलवर मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगातही तक्रार चालते, त्यामुळे टॅब पुण्याहून मागवलेला असला तरी नागपुरात राहून नागपूरच्या आयोगात दाद मागता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.